राहिलेलं नाव

५ नोव्हेंबर १९८२, गुदैबिया
पोचले एकदाची बहारीनला! विमानात शेजारच्या बाप्याला सांगितलं, मघापासून बघतेय, पंख काही हलत नाहीत. बिचारा डोळे मिटून प्रार्थना करायला लागला. विमानतळावर हिल्डा गळ्यात पडून रडली. म्हटलं, बाय, मेले नाही, आलेय. वसईची सुकेळी नि सुके बोंबील बघून जावई फुलले. विचारलं, इलायसबापू, जीव सासूवर की बोंबलावर? लाजले.
नात अ‍ॅग्नेस मात्र गप्प. जानेवारीत कुठल्याशा किल्ल्यावर फिरून आली तेव्हापासून पोरीच्या तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, आजार काहीच नाही.

१२ नोव्हेंबर
शुक्रवारची सुट्टी. हिल्डाच मागे लागली, म्हणून तोच किल्ला बघायला गेलो. खाडीच्या तोंडावर, पडका. भिंतींच्या दगडांत शिंपले अडकलेले, मधोमध कोरडी विहीर. आमच्या वसईच्या किल्ल्यासारखाच, फक्त झाडं नाहीत. विहिरीत वाकून माझ्या देवाघरी गेलेल्या नवऱ्याला, विल्फ्रेडना ओरडून सांगितलं, वर येऊ नका, इकडे दारू महाग आहे. माझीच हाक उशिरा परत आली. फार उशिरा.
किल्ल्यातून निघताना आमच्याकडे थोरल्यानं एकेकाचं नाव घेऊन ‘चल घरी’ म्हणायचं, ज्याचं नाव त्यानं ‘आलो’, ‘आले’ म्हणायचं. नाव राहिलं तर माणूस तिथंच राहतं म्हणे. थोरली मी, पण हिल्डा म्हणाली, आई, आज मी घेते. अ‍ॅग्नेसचं तिनं तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा पोर बोलली! ‘आले’ म्हणाली! रडारड, मुके. त्या गडबडीत माझं नाव राहूनच गेलं. म्हटलं, मला काय इथं पहाऱ्याला ठेवतेस? कुणी हसलं नाही. जावयांनी गाडी सुरूसुद्धा केली होती.

१३ नोव्हेंबर
पोर सकाळपासून चिवचिवतेय. चहाला बसल्यावर विचारते, आजी कुठाय? मी शेजारीच! म्हटलं, चेष्टेखोर, माझ्यावर गेलीय. हिल्डाच्या हातातून कप पडला.

१७ नोव्हेंबर
खालच्या दुकानात रहिमतुल्लाकडे साबण मागितला. मान वर करेना. परवापरवा त्याच्या रंगवलेल्या दाढीवरून चिडवलं तर मौसी मौसी करून हसत होता. रात्री जेवायला माझं ताट मांडलंच नव्हतं.
चपलांत ओली वाळू. मी घराबाहेर समुद्राकडे गेलेच नाही.

२० नोव्हेंबर
हिल्डाच्या कपाटात माझं तिकीट सापडलं. येण्याचंच. परतीचं काढलेलंच नाही.
विचारलं. आधी तिला ऐकूच गेलं नाही. मग भिंतीकडे बघत बोलली. जानेवारीत पोरीचं नाव घ्यायला तीच विसरली होती. एक सोडवायचं तर त्याच रक्ताचं दुसरं मागे ठेवावं लागतं. म्हणाली, आई, तुझं सगळं बघून झालंय ना.
अगं, विचारलं असतंस तर मी हसत थांबले असते. फसवून का आणलंस?
जावयांनी आत येऊन तिला विचारलं, कुणाशी बोलतेस.

२२ नोव्हेंबर
दुपारी जिन्यात कुणी हसतं. माझंच हसू, त्या विहिरीतून उशिरा परत आलेल्या हाकेसारखं. माझ्याच आवाजात म्हणतं, पोरीला नावानं हाक मार, ‘चल’ म्हण, तू सुटशील.
नाही मारणार. इथं लिहिणारही नाही तिचं नाव.

२३
आवाज मजल्यावर. वाळू खोलीभर —
हिल्डाला हलवते. हात लागत नाही —

दुपार
दारात आलाय. मी तोंडात पदर कोंबलाय. तरी माझाच आवाज — तिचं नाव घेतलं त्यानं. ‘चल’ म्हणाला.
पोर उठली. ‘आजी?’ दाराकडे बघून हसतेय. माझ्याकडे नाही —
ती मी नव्हे गं. मी इथं. ओ देऊ नकोस, बाय, ओ —
ओठ उघडले तिनं. आ—