एका केसाने तोललेला कापूस

मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थस्वरूप गोपाळकृष्णमामांचे चरणी भाचा चिंतामण याचा साष्टांग नमस्कार. येथील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने हिंडतीफिरती आहेत. (‘खुशाल आहेत’ असे लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, पण परवापासून खरे नसलेले काहीही कागदावर उतरवायची मला धास्ती बसली आहे.) आपला गुडघा मोर्णा नदीच्या काठाने सकाळी चालून आल्यावर मोकळा होतो की अजून धरतो, ते कळवावे. मामींना नमस्कार. कचेरीतली आपली वकिली नेहमीसारखी जोरात असेलच. अक्षर वाकडे आले आहे त्याबद्दल क्षमा असावी.

दोन वर्षांपासून शाळा सुटल्यावर मी एक कल्पित कादंबरी लिहीत असतो, हे आपण जाणताच. हिच्यात राजा नाही, राजकन्या नाही, पोपट बोलत नाही, मग आहे तरी काय, असे आपण गेल्या दिवाळीत विचारले होते, आणि मी ‘पदार्थविज्ञान’ असे उत्तर दिले होते. त्यावर आपण विडा तोंडात घातलात आणि जेवणाची पाने मांडेपर्यंत बोलला नाहीत. तरी पुन्हा सांगतो. माझा नायक विद्याधर प्रत्येक संकटातून सृष्टिनियमांच्या जोरावर सुटतो, आणि सृष्टीला मान्य नाही असे एकही वाक्य लिहायचे नाही हा माझा नेम आहे. चौथ्या प्रकरणात विद्याधर धुराने फुगवलेल्या कापडी विमानातून उडतो, तर त्या धुराच्या वजनाचे गणित मी तिथेच पानभर मांडले आहे. (आपली सूनबाई, म्हणजे माझी बायको गोदा, ते ऐकता ऐकता झोपली. पण ती थकलेली होती.)

हे लिखाण मी दर रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर वाचून दाखवतो. ऐकायला कापूस विकायला आलेले कास्तकार येतात. त्या अमेरिकेत लढाई काय जुंपली आणि इकडे आमच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची अशी रीघ लागली, की गाडी रिती व्हायला चार-चार दिवस लागतात. तोवर माणसाने करावे काय? बैल झाडाखाली बांधायचे आणि मास्तरची पोथी ऐकायची. त्यांना मी शंभरदा सांगितले की ही पोथी नव्हे, हे सर्व कल्पित आहे. पण मामा, या लोकांचे एक मला अजून उलगडलेले नाही. दोन-चार वर्षांत आगगाडी बडनेऱ्याला येईल आणि कापूस दोन दिवसांत मुंबईला नेईल, असे मी म्हटले तर ते एकमेकांकडे पाहून हसतात. आणि विद्याधर चिखलदऱ्याहून धुराच्या विमानात बसून अचलपुरात उतरतो, तेव्हा विचारतात, भाडं किती घेते?

अकराव्या प्रकरणाने घात केला. त्यात कापसाची दलाली करणारा एक लबाड अडत्या कापसावर पाणी मारून वजन वाढवतो आणि आळ मात्र एका गरीब कास्तकारावर घालतो. पाणी कसे मारतो हे मी शास्त्रशुद्ध लिहिले होते: दिवस मावळताना, कडुनिंबाच्या डहाळीने, बारीक तुषार उडवत, एक थर ओला, एक थर कोरडा, सर्वांत वर कोरडा. मग विद्याधर ‘केशयंत्र’ आणतो. माणसाचा केस ओल्या हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, ही गोष्ट खरी आहे, एका इंग्रजी ग्रंथात मी स्वतः वाचली आहे. त्या केसाला काटा जोडून तो कापसाची ओल दाखवतो, कास्तकार निर्दोष ठरतो, बाजार डोळे पुसतो. हे प्रकरण अंजनगाव सुर्जीच्या कास्तकार जानरावांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. कडुनिंबाची डहाळी आली तिथे तर मला थांबवून पुन्हा मागे नेले. मी मनात फुशारलो. लेखकाला आणखी काय हवे?

आठव्या दिवशी जानराव दारात उभे. त्यांच्या दहा गाड्या बाजारात अडवल्या होत्या. गोवर्धनशेठ म्हणून बडे अडत्ये आहेत, त्यांनी चारचौघांत म्हटले की हा कापूस ओला आहे. शुक्रवारी पंच बसणार. जानरावांच्या घराण्याच्या कापसाला आजवर कोणी नाव ठेवलेले नाही, आणि मुलीची सोयरीक दर्यापूरच्या मोठ्या घरी नुकतीच ठरलेली. जानराव उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं थे केसाचं यंत्र घेऊन चाला."

मी म्हटले, यंत्र नाही. ते कल्पिले आहे.

"पुस्तकात लिवलं नं तुमी?"

लिहिले, म्हटले.

"मंग?"

मामा, आपण एवढे वकील. या ‘मंग’ला काही उत्तर असले तर कळवावे. मला सापडले नाही, म्हणून मी यंत्र करायला बसलो.

केस लांब हवा, आणि त्याला तेलाचा अंशही नको. माझ्या शेंडीचा पुरेना. तेव्हा आपल्या सूनबाईला, सौ. गोदाला, विनंती केली. तिने बुधवारी भर सकाळी रिठ्याने दोनदा न्हाऊन केस मोकळे सोडले. (मातोश्री, म्हणजे आपल्या ताई, तिथेच जपमाळ थांबवून पाहत राहिल्या.) मी एक केस उपटून घेतला आणि ग्रंथात सांगितल्याप्रमाणे पापडखाराच्या पाण्यात उकळत ठेवला. किती वेळ उकळायचा ते चुकू नये म्हणून तोंडाने आकडे मोजत होतो. शेजारी शिशाची एक गोळी होती आणि काट्यासाठी मांडलेल्या कागदावर तांबड्या शाईच्या खुणा होत्या. इतक्यात शेजारच्या पार्बताबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी बायकोचा केस उकळताना पाहिला, मला पुटपुटताना पाहिले, तांबड्या खुणा पाहिल्या, आणि विरजण न घेताच गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या आळीत झाले, की मास्तर बायकोवर करणी करून राहिला. संध्याकाळी मातोश्रींनी सूनबाईवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि माझ्याशी अबोला धरला, तो अद्याप आहे.

पण यंत्र झाले. दीड हात उंच लाकडी पेटी केली, तीत वर खिळा ठोकला. खिळ्याला केस बांधला, त्याचे खालचे टोक बोरूच्या नळीला गुंडाळले, आणि तिथेच शिशाची गोळी टांगली. हे सगळे पाठीमागच्या फळीआड. पुढे काच बसवली, तिच्यातून दिसतो तो फक्त नळीला जोडलेला मोराच्या पिसाचा काटा आणि त्याच्या वाटेवर ‘सुके’, ‘मध्यम’, ‘ओले’ ही अक्षरे. भाताच्या वाफेजवळ पेटी धरली, काटा ‘ओले’कडे गेला. चुलीजवळ धरली, ‘सुके’कडे परतला. घरात बसून मनाने रचलेली गोष्ट सृष्टीने मुकाट्याने मान्य केली, हे पाहून आनंद व्हायचा तर मला भीतीच वाटली.

शुक्रवारी जानराव बैलांची दमणी घेऊन आले. रस्त्यावर रेल्वेच्या बांधाची खडी पडली आहे, तिच्यावरून हाडे खिळखिळी होईतो बसलो आणि बाजारात पोहोचलो. दोनशे माणूस जमले होते. पंचांनी जानरावांच्या गाडीतला कापूस काढून पेटीत घातला, झाकण लावले, आणि मी मोठ्याने दोनशेपर्यंत आकडे मोजले. मग काचेतून पाहिले.

काटा ‘ओले’वर होता.

मी पुन्हा पाहिले. जानरावांकडे पाहिले, तर ते माझ्याकडे अगदी निर्धास्त चेहऱ्याने पाहत होते, जसा जावई सासऱ्याकडे पाहतो. काचेला सर्वांत जवळ मीच होतो. ‘सुके’ म्हणालो असतो तर कोण अडवणार होते? एकदा जिभेवर आलेही. पण दोन वर्षे मी या लोकांना सांगत आलो, की राजा खोटे बोलेल, ग्रंथ खोटे बोलेल, सृष्टी बोलणार नाही. ‘ओले’ म्हणालो.

जानराव रागावले असते तर बरे झाले असते. ते चकित झाले. "मास्तर," ते म्हणाले, "अकराव्या परकरनात तं कास्तकार खरा निंगते."

मी म्हटले, तिथे निघतो.

"मंग इथं काहून नाई निंगत? पुस्तक तुमचं, यंत्रबी तुमचं."

आणि मग त्यांनी त्या दोनशे माणसांसमोर, शेजाऱ्याला रस्ता सांगावा इतक्या सरळपणे, सगळे सांगितले. दिवस मावळताना, कडुनिंबाच्या डहाळीने, एक थर ओला, एक थर कोरडा. मास्तरनेच वाचून दाखवले. पाणी कसे मारायचे तेही त्यात होते आणि शेवटी यंत्र कास्तकाराला खरा ठरवते तेही त्यात होते. त्यांना वाटले, एक औषध आणि दुसरे त्याचे अनुपान. "म्या सारं तुमच्या लिवल्यापरमानं केलं," ते म्हणाले, "अन् तुमी केसानं गळा कापला माहा."

त्या दिवशी मला कळले, की मी लिहिलेले कोणीतरी खरोखर लक्ष देऊन ऐकत होते.

तेवढ्यात गोवर्धनशेठनी माझ्या गळ्यात हार घातला आणि विद्येची थोरवी सांगायला सुरुवात केली. जानराव तिथूनच म्हणाले, "आता यायच्या वखारीतला पाहा." पंच एकमेकांकडे पाहू लागले, पण गर्दीने धरून ठेवले. शेठजी हसून म्हणाले, पाहा. वखारीतला कापूस आणला, पेटी भरली, मी पुन्हा दोनशे आकडे मोजले.

ओले.

गोवर्धनशेठचा आवाज असा, की ते वखारीत बोलले तर बाहेरचे बैल उठून उभे राहतात. ते एका गाठोडीवर बसले. बारीक आवाजात म्हणाले, की थोडे मारतात, फार नाही, वडिलांच्या वेळेपासूनची वहिवाट आहे. पण हे यंत्राला कसे समजले? मामा, हा मला दुसरा धक्का. ही लबाडी आपण कल्पनेने रचली, असे मी समजत होतो.

पंचांनी निवाडा दिला, की दोघांनी आपापला कापूस एकाच मैदानात तीन दिवस उन्हात पसरावा आणि एकाच्या कापसावर दुसऱ्याने नजर ठेवावी. काल मी भीत भीत तिकडे गेलो. दोघे एका सतरंजीवर बसून कापूस वरखाली करत होते, आणि बाराव्या प्रकरणात विद्याधराचे लग्न व्हावे की नाही यावर त्यांचा वाद चालला होता. जानरावांची मी माफी मागितली. सोयरीक मोडली का, असे विचारायलाही जीभ धजेना. त्यांनीच सांगितले, की दर्यापूरचे व्याही येऊन यंत्र कुठे मिळते ते विचारून गेले, लग्नाची तारीख तीच आहे. "एकल्याचं नाव जातं तं गेलं असतं," ते म्हणाले. "समद्यायचंच गेलं. मंग कोन कोनाले हासन?"

घरी येऊन मी कादंबरी तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. ज्या माणसाचे वाक्य दहा गाड्या भिजवते त्याने लिहू नये. यापुढे मुलांना त्रैराशिक शिकवीन आणि घडले तेवढेच बोलेन. मातोश्री व सूनबाई आपल्याला नमस्कार सांगतात. (मातोश्रींनी तो भिंतीकडे तोंड करून सांगितला.) मोठ्यांनी लहानाला सांभाळून घ्यावे, एवढेच मागणे.

आपला आज्ञाधारक,
चिंतामण

ता. क. आपण वकील आहात, आपल्या कानावर घातलेले बाहेर जाणार नाही, म्हणून लिहितो. काल रात्रीच्या जेवणाआधी पेटी पुसायला पाठची फळी काढली. केस तुटलेला होता. वर खिळ्यापाशीच तुटला होता, आणि टोकावर रस्त्याच्या खडीची पांढरी धूळ होती (परतताना पेटी फडक्यात बांधून आणली होती), म्हणजे बाजारात पोहोचण्यापूर्वीच. केस नसला की गोळी खाली लोंबते आणि काटा ‘ओले’वर जाऊन टेकतो. त्या दिवशी पेटीत चुलीतली राख घातली असती तरी ती ओली निघाली असती. पेटी रिकामी असताना काटा कुठे होता, हे मी पाहिलेच नव्हते. दोन माणसे, त्यातही एक अडत्या, दोनशे जणांपुढे खरे बोलली, ती या तुटक्या केसासमोर. मी कोणालाही सांगितलेले नाही. पदार्थविज्ञानात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहूनच गेले. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी एक इंग्रज साहेब यंत्र पाहायला येत आहेत. त्यांना शास्त्राची आवड आहे, म्हणजे ते पाठची फळी काढणारच. नवा केस तातडीने हवा. सौ. गोदा मी खोलीत आलो की वेणी पदराखाली घेते, आणि मातोश्री तिच्याशेजारी बसून असतात. ग्रंथाप्रमाणे सर्वांत उत्तम केस बारीक आणि पिंगट रंगाचा. आपल्या सर्व गणगोतात असा केस एकट्या मामींचा आहे. तरी त्यांचा दीड हात लांबीचा एक केस, फणीत निघालेला नको, मुळासकट ताजा, लिफाफ्यात न मोडता गोल ठेवून उलट टपाली पाठवावा. तो त्यांच्याकडे काय सांगून मागावा, हे मात्र मी सुचवू शकत नाही. कल्पित रचणे मी सोडले आहे.