रिकामी खुर्ची आणि सासऱ्यांचं क्लॅरिनेट

३ मार्च, सोमवार
ठरलं. डॉक्युमेंटरी करायची. लायब्ररीच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात फिल्म फेस्टिव्हल आहे. यंदा संगीतावरच्या स्वतंत्र डॉक्युमेंटरींना वेगळा विभाग. स्वतंत्र म्हणजे काय, असं भाचीला विचारलं. ती फिल्मचा कोर्स करते. म्हणाली, मामा, स्वतंत्र म्हणजे ज्यात कुणी आपल्याला थांबवत नाही. मग हा विभाग माझ्यासाठीच आहे.
विषय घरातच आहे. सासरे. जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं.

६ मार्च, गुरुवार
घाई करायला हवी. सासऱ्यांचे पुढचे दात खिळखिळे झालेत, वीस तारखेला काढायचे. क्लॅरिनेट वरच्या दातांना टेकवून वाजवतात. कवळीवर जमेल का, हे डेंटिस्टला सांगता येईना. सासरे म्हणाले, त्यात काय सांगायचंय, नाही जमणार.
सासूबाई हयात असताना त्यांच्यासाठी सासऱ्यांनी एक धून बांधली होती. कुठे लिहिलेली नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही. ही म्हणाली, बाबांची तेवढी धून नीट रेकॉर्ड करा, बाकी काय घालायचा तो गोंधळ घाला. हिला कलेतलं फारसं कळत नाही, पण धून घेऊ.

९ मार्च, रविवार
पहिलं शूटिंग. अप्रतिम. सासरे वाजवत असताना मी मधून मधून वा, क्या बात है म्हणत होतो. कलावंताला दाद लागते. दर वेळी ते माझ्याकडे बघायचे. हेलावले असावेत.
भाचीने हेडफोन दिलाय, पण त्याने केस बसतात. दिग्दर्शकाने मनाने ऐकावं.

१२ मार्च, बुधवार
ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं. दुसरं शूटिंग. धून चालू असतानाच मी कॅमेऱ्यामागून तिची पार्श्वभूमी समजावून सांगितली. एका दगडात दोन पक्षी. सासरे म्हणाले, जावई, तुमचं आटपलं की सांगा, मग मी वाजवतो. विनोदी स्वभाव आहे.

१६ मार्च, रविवार
आज माझी मुलाखत घ्यायची होती. दिग्दर्शकाची भूमिका लोकांना कळायला हवी. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, फ्रेम बघायला तिच्यावर माझं जाकीट टाकलं, कॅमेरा सुरू केला. तेवढ्यात सासऱ्यांना चहाची तलफ आली. ही बाहेर गेलेली, घरात दूध नाही. आणायला गेलो. दुकानदाराला सिनेमाची आवड निघाली, त्याला सगळा विषय समजावला.
परत आलो तर सासरे क्लॅरिनेट पुसत होते. एकदा शेवटचं वाजवा म्हटलं, तर म्हणाले, आत्ताच वाजवलं, आता ओठ दुखतात. असू दे. टेक भरपूर आहेत. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. ती फाइल पुसून टाकायला भाचीला सांगायचं.

२० मार्च, गुरुवार
सासऱ्यांचे दात काढले. मी पोस्टरचा फॉन्ट निवडला.

२३ मार्च, रविवार
भाचीचा एडिटिंगमधून फोन. विचारलं, मामा, तू आयुष्यात कधी गप्प बसला आहेस का? म्हणे सगळ्या टेकमध्ये मीच आहे. एका ठिकाणी तर, ऐन समेवर, आता इथे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मी म्हणतोय. माझा आवाज काढून टाक म्हटलं. तर म्हणाली, त्याच्याबरोबर आजोबांचं क्लॅरिनेटही जातं.
हल्लीच्या मुलांना तांत्रिक अडचणींचा बाऊ करायची सवय आहे.

२४ मार्च, सोमवार
हिला सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवण वाढलं आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसली. मला भीती वाटली.
सासऱ्यांनी मुलीसाठी एकदा क्लॅरिनेट तोंडाला लावून पाहिलं. नुसती हवा आली. ते हसले आणि पेटीत ठेवून दिलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२७ मार्च, गुरुवार
पुसायला सांगितलेली फाइल भाचीने पुसली नव्हती. ती माझं कधीच ऐकत नाही, देवाची कृपा. धून तिच्यात आहे. अख्खी, स्वच्छ. चित्र फक्त खुर्चीचं आणि माझ्या जाकिटाचं. त्यावर माझे काही फोटो टाकू, असं सुचवलं. म्हणाली, मामा, तुझ्यापेक्षा खुर्ची चांगलं काम करते.

५ एप्रिल, शनिवार
फिल्म निवडली गेली. मला पहिल्यापासून खात्री होती. ऑफिसात साहेबांना सांगितलं की रिकामी खुर्ची म्हणजे सासूबाईंची उणीव. हे शूटिंगच्या वेळीच डोक्यात होतं. साहेबांनी पोट कसं आहे विचारलं.
प्रश्नोत्तरांसाठी भाषण पाठ करतोय.

१३ एप्रिल, रविवार
हॉल भरलेला. फिल्म संपली, दिवे लागले. मग एका बाईंनी विचारलं, ही रिकामी खुर्ची कशी सुचली? मी उठलो, खाकरलो. माईक सासऱ्यांच्या हातात होता. कवळी अजून नवी, पण शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचले. म्हणाले, जावई दूध आणायला गेले होते. तेवढ्यात वाजवून घेतलं.
असा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही. बसलो. श्रेयनामावलीत दिग्दर्शन भाचीचं होतं. माझं नाव शेवटी, चहापुढे. भाषण खिशातच राहिलं.
खरं सांगायचं तर मघाशी अंधारात ती धून मी पहिल्यांदाच ऐकली. शेवटाकडे ती एकदम हळू होते, कुणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. इतक्यांदा समोर बसून मला हे माहीत नव्हतं. वा म्हणायला तोंड उघडलं होतं. हिने अंधारात माझा हात घट्ट धरला आणि धून संपेपर्यंत सोडला नाही.