डाव्या हाताचं माप

८ मार्च, रविवार
सकाळचं माप: मनगट १७.५, कोपराखाली २७, दंड ३३. उजवा: १६, २४, २९.५. कालच्यापेक्षा दंड अर्धा सेंमी कमी. विश्वास टेपवर ठेवायचा, आरशावर नाही. डाव्या हाताला यापुढे डा.हा. लिहिणार, रोज पूर्ण लिहायचा कंटाळा.

गुरुवारी सुट्टी, म्हणून रविवार आमचा कामाचा. आज महिला दिन. एचआर मॅडमनी प्रत्येकीला गुलाब दिला, काट्यांसकट. मी उजव्या हातात घेतला. भाषणात म्हणाल्या, "आपल्यात फायटर आहेत," आणि माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी कंपनीची अधिकृत फायटर. टाळ्या वाजल्या. गाठीबरोबर काखेतल्या ग्रंथीही काढल्या आणि गेल्या दिवाळीपासून डा.हा. सुजतो, हे मात्र तिथे कोणाला माहीत नाही. युनिफॉर्मची बाही लांब आहे. दाबाची स्लीव्ह आत झाकून जाते.
बसमध्ये गुलाब विसरले. बरं झालं.

१२ मार्च, गुरुवार
औंधला फिजिओ मॅडमकडे. सांगवीतून पूल ओलांडला की झालं, तरी जानेवारीपासून टाळत होते. मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण बोलतात हेडमास्तरणीसारख्या.
मी विचारलं, "हे जातं का?"
"जात नाही, ताई. आवाक्यात राहतं. तुम्ही ठेवलं तर."
आवडलं. इतके दिवस सगळे "होईल हळूहळू बरं" म्हणत होते, त्याचाच राग यायचा.

सासूबाईंनी संक्रांतीला गरम तेलाने रगडून दिलं होतं, मायेने, अगदी घाम येईपर्यंत. दोन दिवस हात पावासारखा फुगला. मॅडम म्हणाल्या, सुजेचं पाणी कातडीच्या लगेच खाली असतं, मांजराला कुरवाळतो तेवढाच दाब द्यायचा. आणि सुरुवात हातापासून नाही. आधी मान, मग दुसरी काख, छाती, सगळ्यात शेवटी हात. पुढची वाट मोकळी झाल्याशिवाय मागचं पाणी सरकत नाही. म्हणजे आमचा चाकणचा चौक. पुढचा ट्रेलर हलल्याशिवाय मागच्याने हॉर्न वाजवून काय होणार.

नियम लिहून दिले. स्लीव्ह दिवसभर, झोपताना काढायची. कातडी कोरडी पडू द्यायची नाही. व्यायाम स्लीव्ह घालून. डा.हा.ला शक्यतो सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. टोचलं, कापलं तर लगेच साबणाने धुवायचं, औषध लावायचं. लाल, गरम किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, थांबायचं नाही.
सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या तेलाचाच दोष सगळा." रुसल्या. रुसू देत.

१७ मार्च, मंगळवार
आज टोचलं.
तारेचे तुकडे प्रेसमध्ये टर्मिनलला, म्हणजे पितळी टोकाला, जोडताना तांब्याचा एक केस सुटा राहिला, डा.हा.च्या करंगळीशेजारच्या बोटात घुसला. थेंबभर रक्त. शेजारच्या स्टेशनची छाया मूळची मावळातली, अकरा वर्षं सोबत आहे. तिने बघितलं आणि सवयीने काळी टेप फाडून दिली. तीच, गाडीच्या वायरींना गुंडाळतो ती. आमच्या लाइनीवर कोणाचंही बोट बघा, कुठे ना कुठे काळी टेप असतेच.
"वहीत लिहू का?" मी म्हटलं.
"येडी का काय तू! एवढ्याला कोन लिवतंय? कुकर घालवतीस व्हय सगळ्यांचा?"

कंपनीच्या दारात मोठा बोर्ड आहे, 'अपघाताविना सलग दिवस'. आज ४७१. पाचशे झाले की प्रत्येकाला पाच लिटरचा कुकर. प्रथमोपचाराच्या वहीत एक नाव लिहिलं गेलं तरी बोर्ड शून्यावर. म्हणून कोणी लिहीत नाही. अपघात होतच नाहीत आमच्याकडे!
मला नियम पाठ होता. तरी टेप लावली.

१८ मार्च, बुधवार
सकाळी बोट टरारलेलं. मनगटापर्यंत लाल. गोळी घेतली आणि कामावर गेले. हो, गेले. बारापर्यंत थंडी वाजून दात कडकड वाजायला लागले. वि. (विलास, नवरा) गाडी घेऊन न्यायला आला. कोपराच्या वर लालभडक, नुसता स्पर्शही सोसवत नव्हता. ताप १०३. ॲडमिट.

२१ मार्च, शनिवार
उजव्या हातात सलाईन. अक्षर कोंबडीचं.
पहिल्या दिवशी नर्स बीपीचा पट्टा डा.हा.ला बांधायला आली. तापात होते तरी ओरडले, "हा नाही, तो!" ती म्हणाली, काय फरक पडतो ताई, एकदाच तर. मग वि.ने पेन मागून डा.हा.च्या मनगटावर मोठ्ठं NO लिहिलं. नर्सला हसू आलं. आता प्रत्येक शिफ्टची नर्स येऊन आधी ते वाचते.
डॉक्टरांनी विचारलं, "टोचलं मंगळवारी. आलात बुधवारी दुपारी. का?"
काय सांगणार. कुकरसाठी?

२४ मार्च, मंगळवार
घरी. माप: दंड ३५.५. चार महिन्यांची मेहनत एका दिवसात पाण्यात. लाली पूर्ण उतरेपर्यंत स्लीव्ह बंद, दाबाचं बँडेजही बंद.
रडले. लेकीसमोर, प्राचीसमोरच रडले, ती बारावीची सुट्टी एंजॉय करत होती बिचारी. छायाचा राग आला, बोर्डाचा आला, मग लक्षात आलं की टेप तिने दिली पण गुंडाळली मी. शिकलेली होते मी. नियमांचा कागद पर्समध्ये होता.
हे परत करणार नाही. काय वाट्टेल ते होवो.

३० मार्च, सोमवार
कामावर. डॉक्टरांचं पत्र दिलं: नेहमीचं काम करू शकतात, स्लीव्ह आवश्यक, डाव्या हाताला टोच न लागणारा मोजा, दर तासाला पाच मिनिटं हात हलवायला. झाकायचं ते संपलं. लपवून काय मिळवलं?
दुपारी एचआर मॅडमनी बोलावलं. गुलाबवाल्या. चहा दिला. आमचे सुपरवायझर माने सर बाजूला, मोबाइलमध्ये डोकं.
"रंजनाताई, आम्हाला तुमची काळजी आहे. तुम्हाला हलकं काम देऊ. गेटपाशी, व्हिजिटर रजिस्टर. बसून."
कागद पुढे. वाचला. 'मी स्वखुशीने'. खाली बारीक अक्षरात, गेटचं काम ठेकेदाराकडे आहे. म्हणजे माझं पर्मनंटचं कार्ड जमा आणि ठेकेदाराचं गळ्यात. पर्मनंट व्हायला मला सात वर्षं लागली.
म्हटलं, "मॅडम, डॉक्टर म्हणतात नेहमीचं काम करता येईल."
"हो, पण रिस्क..."
"रिस्क मोज्याने जाते. मोजा द्या."
माने सरांनी पहिल्यांदा मान वर केली. मी सही केली नाही. विचार करा, घाई नाही, म्हणाल्या.

३१ मार्च, मंगळवार
वि.शी कडाक्याचं भांडण.
"सही कर ना! हात महत्त्वाचा का लाइन?"
"दोन्ही."
"तू असंच म्हणतेस. आणि हॉस्पिटलात मी बसतो बाहेर बाकड्यावर."
हे बरोबर बोलला. घाबरलाय तो. मी पण घाबरलेय, पण घाबरून कार्ड द्यायचं म्हणजे हात सुजल्याची शिक्षा मीच मला द्यायची. माझे वडील पिंपरीत तीस वर्षं कामगार होते. न वाचता कशावर सही करायची नाही एवढं त्यांनी शिकवलं. वाचून काय करायचं ते मी ठरवीन.
जेवलो नाही दोघं. सासूबाईंनी दोघांची ताटं वाढून ठेवली आणि म्हणाल्या, "ती हात बघून बोलते, तू भीती बघून बोलतो." मग आम्ही निमूट जेवलो.

४ एप्रिल, शनिवार
मोजा कंपनीने दिला नाही, 'प्रोसेसमध्ये आहे'. मी भोसरीतून आणला. सुरुवातीचे दोन दिवस हात मंद, टार्गेट मागे. आज बरोबरीत. तासाला पाच मिनिटं हात वर, मूठ उघड-बंद. समोरची पोरं हसतात. माने सर म्हणाले, "काय मॅडम, विमान उतरवताय का?" म्हटलं, "हो, तुमच्याच स्टेशनवर."
बाही दुमडून काम केलं. छायाने स्लीव्हला बोट लावून बघितलं. "उकडत न्हाई का गं?" उकडतं. बाहेर ३९. घामोळं येऊ नये म्हणून मधल्या सुट्टीत धुऊन, पुसून, क्रीम. दंड ३४.

११ एप्रिल, शनिवार
बोर्ड ४९६.
मोजा घामाने ओला झाला म्हणून बदलायला काढला आणि तेवढ्यात टर्मिनलची धार लागली. मनगटाजवळ. बारीक ओरखडा. छाया टेप फाडत होती, बघितलंच मी.
उठले. नळावर साबणाने धुतलं. प्रथमोपचार खोलीत गेले, औषध लावलं, म्हटलं वही द्या. तिथला भाऊ म्हणाला, "ताई, चार दिवस राहिलेत हो." मी म्हटलं, "माझे किती राहिलेत ते मला माहीत नाही. वही द्या." तारीख, वेळ, स्टेशन, कशाने, नाव. सही.
शिफ्ट सुटताना बोर्डवर शून्य.
बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी. छाया पुढे जाऊन बसली.
चार वाजल्यापासून दर दोन तासांनी हात बघते. लाली नाही. ताप नाही. डॉक्टरांनी घरात ठेवायला सांगितलेल्या गोळ्या टेबलावर.

१३ एप्रिल, सोमवार
लाली नाही. ओरखडा सुकला. एवढंच करायचं होतं गेल्या महिन्यात. एवढंच!
लाइनीवर कोणी बोलत नाही. डबा एकटीने. एकीने ऐकू जाईल असं म्हटलं, "आजारी माणसानं घरी बसावं ना." मी डबा बंद करून स्टेशनवर गेले. आता लिहिते: बसणार नाही.

१४ एप्रिल, मंगळवार
जयंती. पांढरी साडी. जुन्या ब्लाऊजची डावी बाही उसवून प्राचीने आखूड केली, म्हणजे स्लीव्ह पूर्ण बाहेर. सगळे मिळून पिंपरीला गेलो. गर्दीत एक बाई म्हणाल्या, "भाजलं का हो?" नाही म्हटलं, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर असं होतं, लिम्फेडेमा म्हणतात. त्यांनी मला बाजूला ओढलं, आपला पदर सरकवला. त्यांचा उजवा. माझ्या दुप्पट. सहा वर्षं. कोणी सांगितलंच नाही, म्हणाल्या, वाटलं हे असंच राहायचं. ढोल-ताशाच्या आवाजात ओरडून ओरडून त्यांना मांजर कुरवाळणं समजावलं. फिजिओ मॅडमचा पत्ता दिला.
घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला पण दाखव ते मांजराचं." दाखवलं. हात हलका आहे त्यांचा, मनात आणलं तर.

१५ एप्रिल, बुधवार
दुपारी परत बोलावलं. यावेळी चहा नाही. प्लँट हेडपण. "तुमच्यामुळे रेकॉर्ड गेलं. तुम्हालाही त्रास, आम्हालाही. आज सही करून टाका."
मी कालच घरी लिहून ठेवलेला कागद काढला. 'मी गेटच्या कामाला संमती देत नाही. मी माझं काम करू शकते, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. मला मोजे आणि तासाला पाच मिनिटं द्यावीत. जखमा वहीत लिहिणाऱ्याला त्रास देऊ नये.' दोन प्रती. म्हटलं, आवक शिक्का मारून एक मला द्या. मॅडम प्लँट हेडकडे बघतात, ते मॅडमकडे. शेवटी शिक्का मारला. "शुक्रवारी कळवू. तोपर्यंत कार्ड चालेल का नाही, सांगता येत नाही."
आवाज कापला नाही माझा. बाहेर येऊन शिक्क्याची प्रत पर्समध्ये ठेवली.

बसपाशी छाया. तोंड फुगवलेलंच. "कुकर गेला माझा," म्हणाली. मग जरा वेळाने अंगठा दाखवला, टेपच्या खाली पिकलेला. "ह्ये कुटं दाखवायचं असतंय?"
तिला दवाखान्यात घेऊन गेले. घरी यायला उशीर झाला.

१६ एप्रिल, गुरुवार
सुट्टी. दंड ३३.५. दाबाचं बँडेज बांधायला शिकायला आज फिजिओ मॅडमकडे वि.ला घेऊन गेले, एका हाताने मला नीट जमत नाही. एवढा मोठा माणूस, पट्टी धरली तर घाम. घरी येऊन परत सराव. बोटं, तळहात, मग वर. बोटांकडे घट्ट, वर सैल. त्याचं नेमकं उलटं होतंय.
तीनदा सोडली. चौथ्यांदा गुंडाळताना, खाली बघतच म्हणाला, "आणि उद्या गेटवर आत घेतलं नाही तर?"
"तर परवा जाईन. कोपराशी आवळलंय, सोड. परत कर."