टोकापर्यंत तीस पावले

दीपगृह, ५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कनकास, अण्णाचे अ. उ. आ.

इथे टोकावर फोन लागत नाही, म्हणून निवृत्त गणितबाईंना चुका काढायला हे पत्र.

आजही दीपगृहाच्या दारापासून कड्यापर्यंत पावले मोजली. तीसच! सहा वर्षे दर शुक्रवारी तीसच. माझ्या या अहवालावरच शेजारची खोली नवे सहायक तुळजाजी यांना मिळाली. बायको आणि दोन मुलींना घेऊन पुढच्या एक तारखेला येतील. तुझ्या वहिनीला, वाणीला, मात्र कडा जवळ आल्यासारखा वाटतो. कडेचे ताड वादळात पडले, म्हणून तसे दिसते, असे तिला समजावले. भरतीला फरशीखाली धपधप होते म्हणते. तिचे कानच तिखट!

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
राघोत्तम

तांबरम, ११ सप्टेंबर

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. पोंगलला तुम्ही आलात, तेव्हा स्टेशनपर्यंत बरोबर चालले. गुडघ्यांनी तुमचे पाऊल निम्मे केले आहे. मग तीस पावलांत पूर्वीइतकीच जमीन कशी भरेल? मला फार भीती वाटते. टेपने मोजा. वहिनींना नमस्कार.

आपली माया अशीच राहो.
कनका

दीपगृह, १९ सप्टेंबर

चि. कनकास, अ. उ. आ.

मोजले. बावीस मीटर होते, ते साडेअकरा भरले. वाणीलाही सांगितलेले नाही.

डिसेंबरात निवृत्त होतो. सहा वर्षे खोट्यावर सही केली, हे आता कोणत्या तोंडाने सांगू? या महिन्यातही तीसच लिहिले. दीडशे वर्षे उभे आहे, तीन महिने काढेल. तुळजाजींना नंतर सांगता येईल. कुणाजवळ बोलू नकोस, तुला माझी शपथ.

एवढे ऐक. लोभ ठेव.
अण्णा

तांबरम, २५ सप्टेंबर

ती. अण्णांस, शि. सा. न.

तुमचे पत्र आज सकाळी हाती पडले. तशीच जॉर्ज टाउनच्या कचेरीत जाऊन ते तुमच्या साहेबांच्या हातात दिले. शपथ मोडली.

तिथे कळले की, नव्या घरात नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या मांडायच्या म्हणून तुळजाजी रविवारीच बायको-मुलींना घेऊन दीपगृहावर राहायला गेले. तुम्हाला हे चार दिवस माहीत आहे, आणि तरी तुम्ही गप्प आहात. अण्णा, मला तुमची लाज वाटली.

साहेबांची जीप निघाली आहे, चिठ्ठी ड्रायव्हरजवळ देते. सामान राहू द्या. त्या मुलींना आणि वहिनींना आधी बाहेर काढा. माझे तोंड पुन्हा पाहायचे नसेल तर पाहू नका, पण बाहेर या.

तुमचीच,
कनका