शेवटाकडून वाचलेलं पुस्तक

जोहरा बेटी,

तुझं मराठी कवितेचं पुस्तक शाळेत नेतोय. तुझ्या दुपारच्या तासाआधी आणून देतो. भाजी झाकून ठेवलीय.

उजवीकडून उघडणाऱ्या उर्दू किताबांच्या सवयीनं मी ते मागूनच उघडलं. काल प्रस्तावना सगळ्यात शेवटी आली, तेव्हा कळलं. तू दाराआडून हसत होतीस. हस.

शेवटच्या कवितेत एक माणूस कचेरीच्या रांगेत उभा आहे. खिडकीशी पोचतो तर त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. ना चाँद, ना काफिया, म्हणजे यमक! लई राग आला. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा रांगेत मीच दिसलो.

वीस वर्षं मी उर्दूतून इतिहास शिकवला. आता शाळेचा कारभार मराठीत आला. हेडमास्तर म्हणतात, मराठीची परीक्षा द्या, नाहीतर पेन्शन घेऊन घरी बसा. मी परीक्षेचा अर्ज भरायला चाललोय. तुझ्या चाचांना हैदराबादला खत, म्हणजे पत्र, टाकलंय, आमच्यासाठी घर बघू नका, आम्ही येत नाही.

ही माझी पहिली मराठी चिठ्ठी. चुका लाल शाईनं दाखव. खालचं नाव मात्र तपासू नकोस. ते मला पाठ आहे.

निजामुद्दीन