तोंडावरचा रुमाल

मंगळवार, संध्याकाळ. खोपोली, हॉस्पिटलचा व्हरांडा.

ओठाचे टाके ठणकतायत. गेल्या आठवड्यात चौक गावात चोरांची अफवा उठलेली, आणि मी धूळ नको म्हणून तोंडाला रुमाल बांधून ढाब्यामागून चाललेलो. (तिथली भजी बरी असतात. जाऊ दे.) गस्तवाल्या पोरांनी रुमाल बघितला आणि दांडकी घातली. नाव कुणी विचारलंच नाही. मी रक्त थुंकलो तरी थांबेनात. माझा दोस्त सुन्या माझ्या अंगावर आडवा पडला, "अरं सोडा रं, आपला पक्या हाय!" तेव्हा थांबले.

आता सुन्यालाच डेंगी. हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात जन्मापासूनची गस्त असते. ती विषाणूला नावानं ओळखत नाही, त्याच्या प्रथिनाची ठेवण दिसली की तुटून पडते. म्हणजे रुमालच की!

"मग बरंच हाय ना?" मी विचारलं.

"आता ती गस्तच आवरेना. तिच्या दणक्यानं त्याच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागल्यात."

खाटेवर पडल्या पडल्या सुन्या हसतोय. "पक्या, माज्यापेक्षा तुजंच थोबाड वंगाळ दिसतंय रं."

माझ्यावर तो आडवा पडला. त्याच्या आत त्या गस्तीला आडवं कोण पडणार?