भाऊसाहेबाचं नाव

२७ सप्टें., शनि.
पहाटे अर्धवट झोपेत, मी शिकवायचो त्या भिंगारच्या शाळेची घंटा ऐकू आली. रुळाचा तुकडा टांगलेला, शिपाई हातोडीने बडवायचा. ठण्ण... आणि मागोमाग माझा सगळा वर्ग चालीवर कविता म्हणायचा.
उठलो तर स्वयंपाकघरात विनू सूनबाईला सांगत होता, "ऑर्डरीच नाहीत. माझ्या लाइनवरचा एक माणूस कमी करायचाय. नाव मी द्यायचं. नाही दिलं तर मी घरी."
माझा पोरगा सुप्याच्या कंपनीत सुपरवायझर. चहा तसाच गार झाला.

२९, सोम.
दिलं विनूने नाव. भाऊसाहेबाचं! त्याच्याच जोडीदाराचं. विनूची आई दवाखान्यात होती, तेव्हा गावाकडून रोज डबा आणणारा.
"त्याचंच का रे?"
"त्याला शेती आहे, अण्णा. आपल्याला काय आहे?"
शेती म्हणे! माळावरची कुसळं. शी. पण माझ्या गोळ्याही विनूच्याच पगारातून. थुंकावं तरी कुठे?

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पूजेला घरच्यांनाही बोलावणं, म्हणून कंपनीत गेलो. पत्रा दाबायच्या प्रेसला झेंडूची माळ. लाइनवरच्या सर्वांत जुन्या माणसाने नारळ फोडायचा, ही तिथली रीत. म्हणून भाऊसाहेब नवी टोपी घालून आलेला. प्रेसवर हात ठेवून म्हणाला, "लई दिलं हिनं, अण्णा. लक्ष्मी हाय माझी." विनूने त्याला गंध लावलं. बोट अडखळलं नाही त्याचं! प्रसादाचं खोबरं मी रुमालात टाकलं.
शिफ्ट सुटताना साहेबाने भाऊसाहेबाला केबिनमध्ये नेऊन राजीनामा लिहून घेतला. नाव कोणी दिलं ते सांगितलं नाही म्हणे. आधी नारळ फोडून घेतला लेकाच्यांनी. यंत्राला हार, आणि माणसाला...

२ ऑक्टो., गुरु. दसरा
विनू सकाळपासून खोलीत. श्रीखंडाला हात लावला नाही. म्हटलं, "जा, स्वतः सांगून ये."
"काय सांगू?"
शाळेत मैत्रीची कविता आली की मी विनूलाच म्हणायला उभा करायचो. काय गोड गळा होता.

संध्या.
बेल वाजली. दारात भाऊसाहेब! हातात आपट्याची पानं. मी हात पुढे केला, तर हसला.
"तुमी थांबा, अण्णा. पयलं सोनं विनूला, दर सालासारखं. मग मोठी मान्सं." आणि आत बघून हाक, "विन्या! दडलास व्हय रे नव्या नवरीवानी?"
तो बाहेर पाणी पितोय. चष्म्याचं निमित्त करून आत आलोय आणि हे लिहितोय. विनूच्या दाराला आतून कडी.